व्हॅलेन्सियाच्या आरोसेरियात भात कसा खावा

आपल्या पानात भात सोबतीचा असतो. वरण, कढी, सोलकढी, माशाचं कालवण यांना तो आधार देतो आणि शेवटी ताकाबरोबर जेवण संपवतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर व्हॅलेन्सियात हे नातं उलटं आहे. तिथं कोंबडी, ससा, मासे, शेंगा असे सगळे भातासाठी राबतात. ते आपली चव पाण्यात सोडतात, भात ते पाणी पितो, आणि जेवणाऱ्याने बघायचं असतं भाताकडे. कोळंबी किती मोठी आली किंवा मांसाचे तुकडे किती मिळाले यावर तिथं कोणी हॉटेलाची किंमत करत नाही. एवढं लक्षात ठेवून गेलात तर पुढच्या बहुतेक गोष्टींचा अर्थ आपोआप लागत जातो.

स्पॅनिशमध्ये भाताला ‘आरोस’ म्हणतात आणि भाताच्या हॉटेलाला ‘आरोसेरिया’. आरोस हा शब्द अरबीतून आला, कारण या भागात भातशेती रुजवली ती अरबांनी. केशराला ते ‘आसाफ्रान’ म्हणतात. आपल्या ‘जाफरानी’चंच हे भावंड आहे, तेही अरबीतूनच तिकडे पोचलेलं. पाएया हे व्हॅलेन्सियाच्या प्रसिद्ध भाताचं नाव, पण मुळात ते पदार्थाचं नव्हे, भांड्याचं. उथळ, पसरट, दोन कानांची लोखंडी कढई म्हणजे पाएया. तिच्यात शिजतो म्हणून पदार्थालाही तेच नाव पडलं. उच्चारात ‘ल’ आणू नका, पा-ए-या असं म्हणा.

वेळ दुपारचीच धरा

स्थानिक लोक भात दुपारी खातात. रात्री भात जड पडतो असं तिथं घरोघरी मानतात, त्यामुळे चांगल्या आरोसेरिया बऱ्याचदा फक्त दुपारीच उघड्या असतात. रात्री नऊ वाजता जे हॉटेल हसतमुखाने पाएया देतं, ते बहुधा पर्यटकांसाठी चाललेलं असतं. दुपार म्हणजे आपली साडेबाराची दुपार नव्हे. स्वयंपाकघर दीडच्या सुमारास सुरू होतं, टेबलं दोन वाजता भरतात आणि उठेपर्यंत साडेचार वाजतात. त्या दिवशी चारची गाडी किंवा संग्रहालयाचं तिकीट ठेवू नका.

भारतातून नुकतेच पोचला असाल तर पोटाचं घड्याळ सांभाळावं लागेल. तिथले दोन म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. म्हणून सकाळी दहा-अकराला काहीतरी खाऊन घ्या. व्हॅलेन्सियाची माणसंही त्या वेळी भरलेला पाव खातात, ती त्यांची जुनी सवय आहे. फक्त त्यांच्यासारखा हातभर पाव घेऊ नका. दुपारी भाताला जागा उरणार नाही.

वारांचंही एक गणित आहे. रविवार घरच्या पाएयाचा असतो, सगळं कुटुंब आजीकडे किंवा हॉटेलात जमतं, त्यामुळे रविवारी जागा मिळणं सगळ्यात कठीण. गुरुवारी स्पेनभर अनेक साध्या हॉटेलांच्या ठरलेल्या जेवणात भात असतो. गुरुवारी शहरात असाल तर आणखी एक गोष्ट साधते. दुपारी बारा वाजता व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर पाण्याचं न्यायालय भरतं. काळे डगले घातलेले शेतकऱ्यांचे प्रतिनिधी गोलाकार बसतात आणि पाटाच्या पाण्याचे तंटे तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात. 2009 साली युनेस्कोने या न्यायालयाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पाएयातल्या शेंगा ज्या मळ्यांतून येतात, त्याच मळ्यांचं हे पाणी. ज्याने आपल्याकडे पाटकऱ्याशी वाद घालणारा शेतकरी पाहिला आहे, त्याने हे जरूर बघावं. ते आटोपून दोनच्या टेबलावर आरामात पोचता येतं.

मार्चच्या मध्यावर फाय्यासचा उत्सव असतो, 15 ते 19 तारखांना शहर ओसंडून वाहतं. त्या दिवसांत खूप आधी जागा धरावी लागते.

फोनवर जागा सांगा, भातही सांगा

खरी आरोसेरिया ओळखायची एक खूण म्हणजे जागा राखून ठेवताना ते विचारतात, ‘भात कोणता?’ कारण प्रत्येक टेबलासाठी वेगळी कढई चढते. मांस परतण्यापासून धरलं तर पाऊण तास सहज जातो, आणि लाकडावर शिजवणाऱ्या ठिकाणी चुलीवर जागा मोजक्या असतात. आयत्या वेळी बसून मागवलंत तरी बरेचदा मिळतं, पण वाट बघावी लागते, आणि काही प्रकार आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय होतच नाहीत.

फोनवर बोलायला दोन वाक्यं पुरतात. ‘केरिया रेसेर्वार उना मेसा पारा क्वात्रो’, म्हणजे चौघांसाठी टेबल हवं आहे. पुढे ‘इ एनकार्गार उना पाएया’, म्हणजे आणि एक पाएया सांगून ठेवायची आहे. एवढं तुम्ही स्पॅनिशमधून म्हटलंत की समोरचा माणूस पुढचं हळू आणि सोपं बोलतो. फोनचा धीर होत नसेल तर आदल्या दिवशी तिथं जाऊन सांगा, तेही चालतं.

सांगितलेल्या वेळेला पोचा. भात कोणाची वाट बघत नाही, आपण भाताची वाट बघायची, हे तिथं सगळ्यांना मान्य आहे. तुम्ही दोनची वेळ दिलीत तर कढई त्या हिशेबाने चुलीवर गेलेली असू शकते. वीस मिनिटं उशीर झाला की तो दाणा फुटतो, आणि मग चूक आचाऱ्याची राहत नाही.

हॉटेल निवडताना

दारात भडक छायाचित्रांचा फलक, त्यावर आठ प्रकारच्या पाएया आणि हाताला धरून आत बोलावणारा माणूस दिसला, तर पुढे चला. त्या फलकांवरचा भात बहुधा कारखान्यातून गोठवून आलेला असतो. दहा मिनिटांत पाएया टेबलावर आली तरी तेच समजा. ताज्या भाताला नुसतं पाणी पिऊन शिजायलाच 18 मिनिटं लागतात.

रंगावरून मात्र निकाल देऊ नका. पिवळाजर्द भात म्हणजे फसवणूक, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, पण व्हॅलेन्सियाच्या घरांतही खाण्याचा पिवळा रंग सर्रास वापरतात. केशर महाग असतं, आजीच्या हातचा भातही त्या पुडीनेच पिवळा झालेला असतो. रंगापेक्षा थर बघा. कढई मोठी आणि भाताचा थर बोटाच्या जाडीहून कमी असेल, तर हात जाणता आहे. खोल भांड्यात भाताचा ढीग दिसला तर तिथं दाणे एकमेकांच्या वजनाखाली वाफवले गेले आहेत.

‘आ लेन्या’ असं लिहिलेलं असेल तर भात लाकडावर शिजतो. व्हॅलेन्सियाभोवती संत्र्यांच्या बागा आहेत, त्यांच्या छाटणीचं लाकूड यासाठी वापरतात. मालवारोसा किनाऱ्यावर 1922 पासून चालत आलेलं कासा कार्मेला त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच किनाऱ्याच्या पट्ट्यातलं ला पेपिका 1898 सालचं, अमेरिकन लेखक हेमिंग्वे तिथं जेवलेला. समुद्र बघत बसायचं असेल तर हा किनारा छान आहे. पण भाताचं मूळ बघायचं असेल तर शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा या तळ्याकाठच्या एल पालमार गावात जा. एके काळी ते बेट होतं. आता रस्ता आहे, शहरातून बसही जाते. छोट्याशा गावात एकाला लागून एक भाताची हॉटेलं आहेत आणि गाव संपलं की भातखाचरं सुरू होतात. माझी पसंती एल पालमारला, कारण जे शेत खिडकीतून दिसतं त्याच मातीतला भात ताटात असतो.

एकटे प्रवास करत असाल तर एक अडचण येते. पाएया बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात. एकट्याने मग ‘मेनू देल दिया’ म्हणजे दिवसाचं ठरलेलं जेवण देणारं साधं हॉटेल शोधावं, ज्यात त्या दिवशी भात असेल. तिथं मोठ्या कढईत सगळ्यांसाठी एकदम शिजवतात आणि थाळीत वाढतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त कढई उतरते त्या वेळेला, म्हणजे दोनच्या आसपास, पोचायला हवं. साडेतीनला मिळणारा तोच भात आता तो भात राहिलेला नसतो.

कोणता भात मागवायचा

यादी हातात आली की आधी भांबावायला होतं. तीन शब्द शोधा. ‘सेको’ म्हणजे कोरडा, पाणी पूर्ण शोषलेला. पाएया याच जातीची. ‘मेलोसो’ म्हणजे आसट, आपल्या मऊ खिचडीच्या वळणाचा. ‘काल्दोसो’ म्हणजे रश्शात पोहणारा, चमच्याने खोलगट थाळीत खायचा. पावसाळी गार दिवशी मी काल्दोसोच मागवेन.

पहिल्यांदाच जात असाल तर पाएया व्हॅलेन्सियाना खाऊन बघा. तिच्यात कोंबडी, ससा, ‘फेराउरा’ नावाच्या चपट्या हिरव्या शेंगा, ‘गारोफो’ नावाचे मोठे पांढरे वाल, टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, केशर आणि मीठ असतं. काही जण रोझमेरीची काडी, आर्टिचोक, बदकाचं मांस किंवा गोगलगाई घालतात. समुद्रातलं यात काहीही नाही, कारण हा शेतावरच्या माणसांचा पदार्थ. जे मळ्यात आणि खाचरात मिळालं ते कढईत गेलं. 2021 साली तिथल्या प्रादेशिक सरकारने पाएयाला सांस्कृतिक वारसा म्हणून कायदेशीर संरक्षण दिलं, इतका हा जिव्हाळ्याचा विषय आहे. 2016 साली जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफने चोरिसो, म्हणजे लाल मिरचीचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, घातलेल्या पाएयाची पाककृती ट्विटरवर टाकली, तेव्हा स्पेनमधून त्याच्यावर रागाचा भडिमार झाला. गोव्यात चोरीस घातलेला पुलाव आपण आनंदाने खातो, आणि खावाच. पण व्हॅलेन्सियात वेटरला ‘यात चोरिसो का नाही’ असं विचारू नका. चोरिसोची चरबी आणि मिरची सगळ्या भातावर चढून बसते, बाकीच्यांचं काही ऐकूच येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

माशांची आवड असेल तर ‘आरोस आ बांदा’ मागवा. मूळ कोळ्यांचा भात. विकता न येणारे छोटे मासे उकळून त्यांच्या पाण्यात भात शिजवायचा आणि मासे बाजूला वेगळे खायचे, म्हणून ‘आ बांदा’, म्हणजे वेगळा. ताटात नुसता पिवळसर तपकिरी भात दिसतो, वर फारसं काही नसतं, आणि पहिल्या घासाला समुद्र तोंडात येतो. भाताकडे बघायला शिकायचं असेल तर याच्याइतका चांगला गुरू नाही. ‘आरोस देल सेन्योरेत’ यालाच जवळचा. सेन्योरेत म्हणजे धाकले मालक, त्यांनी हात खराब करू नयेत म्हणून कोळंबीपासून सगळं सोलून घातलेलं. लहान मुलं बरोबर असतील तर हा सोयीचा. ‘आरोस नेग्रो’ म्हाकुळासारख्या माशाच्या शाईत शिजवलेला काळाकुट्ट भात. दात काळे होतात, चव मात्र गोडसर आणि खोल. ‘फिदेउआ’मध्ये तांदळाऐवजी आखूड शेवया असतात, ती गांदिया भागाची.

हिवाळ्यात ‘आरोस आल ओर्नो’ मिळाला तर सोडू नका. मातीच्या भांड्यात, भट्टीत, काबुली चणे, बटाट्याच्या चकत्या, टोमॅटो आणि मधोमध अख्खा लसणाचा गड्डा घालून तो भाजतात. त्यात डुकराचं मांस आणि रक्ताचं सॉसेज असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी लांब राहावं. आणखी दक्षिणेला, आलिकांते प्रांतातल्या पिनोसोकडे, ससा आणि गोगलगाईंचा भात द्राक्षवेलींच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर शिजवतात. तिथं भाताचा थर जवळजवळ एका दाण्याचा असतो. जायला जमलं तर त्या वाटेने जावं.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाने वेगळा भात मागितला, म्हणजे सगळ्यांना सगळं चाखता येईल. वेटरने शांतपणे समजावलं की पाच वेगळ्या कढया होणार नाहीत. भात टेबल मिळून ठरवतं. सहासात जण असलात तर दोन प्रकार सांगता येतात, तेही दोघा-दोघांच्या हिशेबाने. यादीत किंमत माणशी लिहिलेली असते. 18 युरो लिहिलं आणि चौघं असलात, तर ती कढई 72 युरोंची.

शाकाहारी असाल, किंवा काही वर्ज्य असेल तर

भाज्यांची पाएया बऱ्याच ठिकाणी मिळते आणि हंगामात ती फार सुंदर लागते. हिवाळ्याच्या अखेरीला आर्टिचोक आणि फ्लॉवर, उन्हाळ्यात ढोबळी मिरची, शेंगा. पण दिसायला शाकाहारी असलेला भात कोंबडीच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. म्हणून ‘सोई बेखेतारियानो’, बाई असाल तर ‘बेखेतारियाना’, एवढं सांगून थांबू नका. पुढे विचारा, ‘एल काल्दो एस दे बेर्दुरास?’ म्हणजे रस्सा भाज्यांचाच आहे ना? काही जणांच्या लेखी हॅमचे चार तुकडे किंवा ट्यूना मासा म्हणजे मांस नव्हे, तेव्हा ‘नी हामोन, नी पेस्कादो’ हेही जोडा. हे सगळं टेबलावर बसून नाही, जागा राखताना सांगायचं. त्या वेळी सांगितलंत तर आचारी भाज्यांचं पाणी वेगळं काढतो. आयत्या वेळी त्याच्याकडे फक्त मांसाचा रस्सा तयार असतो, आणि तो तरी काय करणार.

एकाच टेबलावर निम्मे शाकाहारी, निम्मे मासे खाणारे असतील तर दोन कढया सांगा आणि दोन्हीकडे किमान दोन-दोन माणसं होतील असं बघा. शाकाहारी एकटाच असेल तर इतरांनी त्याच्याबरोबर भाज्यांचा भात खावा. भात चांगला असला की कोणी उपाशी उठत नाही.

ससा नको असेल तर ‘सिन कोनेखो’, गोगलगाई नको असतील तर ‘सिन काराकोलेस’, डुकराचं मांस नको असेल तर ‘सिन सेर्दो’. पाएया व्हॅलेन्सियानात गोमांस नसतं.

भात येईपर्यंत

मधल्या अर्ध्या-पाऊण तासात टेबलावर मधोमध काही ठेवून सगळ्यांनी मिळून खायची पद्धत आहे. थोडंच मागवा. ‘एस्गाराएत’ म्हणजे भाजून फाडलेली लाल मिरची, खारवलेला कॉड मासा, लसूण आणि तेल. भरताची आठवण करून देतो. मे ते ऑगस्टच्या दरम्यान गेलात तर ‘क्लोचिना’ मिळतील, व्हॅलेन्सियाच्या बंदरातल्या छोट्या काळ्या शिंपल्या म्हणा हवं तर. लिंबू, लसूण, तमालपत्र घालून वाफवलेल्या. एल पालमारमध्ये असाल तर ‘आल्य इ पेब्रे’, तळ्यातल्या वाम माशासारख्या ईलचं लसूण आणि लाल मिरचीपुडीतलं कालवण. मालवणी माणसाला ते परकं वाटणार नाही, तिखटपणा सोडला तर.

पाव आणि ‘अलिओली’ ही लसणाची घट्ट चटणी न मागता आली तरी बिलात लागू शकते; नको असेल तर लगेच परत करा, कोणी वाईट मानत नाही. नळाचं पाणी मागितल्यास फुकट द्यावं असा स्पेनमध्ये 2022 पासून कायदा आहे, ‘आग्वा देल ग्रिफो’ म्हणा. व्हॅलेन्सियाचं नळाचं पाणी जड आहे, चव आवडली नाही तर बाटली घ्या.

शक्य असेल तर चूल बघायची परवानगी मागा. काही ठिकाणी काचेतून दिसते, काही ठिकाणी आचारी आनंदाने आत नेतो. तिथं बघण्यासारखं पुष्कळ आहे. मांस बराच वेळ, घाई न करता, खरपूस होईपर्यंत परततात. चवीचा पाया तोच. मग शेंगा, किसलेला टोमॅटो, क्षणभर लाल मिरचीपूड, आणि लगेच पाणी. ते कढईतच उकळून रस्सा होतो. तांदूळ घालायची एक जुनी रीत आहे, कढईच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तांदळाची लांब रांग घालायची, पाण्याच्या वर थोडी डोकावेल इतकी. तेच माप. त्या रांगेला ते ‘काबायोन’ म्हणतात, आणि शेतात दोन सऱ्यांमधल्या वरंब्यालाही काबायोनच म्हणतात. कढईत वरंबा घालणारा हा पदार्थ शेतकऱ्याचा आहे याला दुसरा पुरावा नको.

तांदूळ पसरला की पुन्हा चमचा घालत नाहीत. ढवळलं तर पिठूळपणा सुटतो आणि भात चिकट होतो. आधी मोठी आंच, मग बारीक, शेवटी मिनिट-दोन मिनिटं पुन्हा मोठी. तळाशी चरचर आवाज आला की आचारी कान लावून थांबतो. मग उतरवून पाचेक मिनिटं वाफ जिरू देतात.

कढई टेबलावर आल्यावर

वेटर आधी कढई दाखवायला आणतो. हा दिखावा नाही, तुम्ही बघावं अशी अपेक्षा असते. भात सपाट, कोरडा, चकचकीत दिसायला हवा. मग तो विचारतो, थाळीत वाढू की मधे ठेवू? मधे ठेवा म्हणून सांगा.

कढईतून खायची रीत अशी. प्रत्येकाने आपल्यासमोरचा त्रिकोणी वाटा धरायचा आणि कडेकडून मध्याकडे खात जायचं. शेजाऱ्याच्या वाट्यात चमचा घालायचा नाही. मांसाचा तुकडा नको असेल तर तो कढईच्या मधोमध ठेवायचा, ज्याला हवा तो उचलेल. चमचा लाकडी मिळाला तर घ्या, त्याने तोंड पोळत नाही आणि तळ खरवडताना भांड्याची चव येत नाही. काट्याने भात खाऊ नका.

पहिला घास नुसत्या भाताचा घ्या. दाणा आतून किंचित घट्ट, बाहेरून अखंड आणि प्रत्येक दाणा सुटा असावा, तरी बासमतीसारखा हलका नाही. हा तांदूळ गोल आणि आखूड. ‘बोंबा’ जातीचा दाणा भरपूर पाणी पिऊनही फुटत नाही, म्हणून तो महाग आणि आचाऱ्याला निर्धास्त ठेवणारा. ‘सेनिया’ रस्सा जास्त चांगला शोषतो, चव त्याची अधिक, पण एक मिनिट चुकलं की मऊ पडतो. व्हॅलेन्सियातले अनेक जाणकार सेनियाच्या बाजूचे आहेत, मीही. विचारून बघा कोणता वापरलाय. आचारी खूश होतो.

लिंबू पिळायची आपली सवय इथं जरा आवरा. माशांच्या भाताबरोबर फोड येते, पण आधी तसाच खाऊन बघा. तिखट सॉस मागू नका. हा भात बेचव नाही, फक्त त्याची चव मिरचीत नसते.

आणि आता ‘सोकारात’. कढईच्या तळाला धरलेली, तेलात आणि रश्शात भाजून तपकिरी झालेली भाताची खरपुडी. आपल्याकडे भाताच्या पातेल्याची खरवड ज्या घरात भांडून खाल्ली जाते, त्या घरातल्या माणसाला हे सांगायला नको. चमचा आडवा धरून जरा जोर लावा, पातळ पापुद्रा सुटून येईल. तो मधासारख्या रंगाचा, कुरकुरीत आणि थोडा चिवट असला तर उत्तम. काळा आणि कडवट असेल तर तो करपलेला. ते सोकारात नव्हे, आणि तसं नम्रपणे सांगायला हरकत नाही. वेटरने थाळ्या वाढून कढई उचलली तर त्याला थांबवा. ‘एल सोकारात, पोर फाबोर’. एवढं म्हटलंत की तो स्वतः खरवडून आणून देतो.

फोटो काढायचा तर पहिल्याच मिनिटात काढा.

भात उरला तर बांधून मागता येतो, ‘पारा येबार’. संध्याकाळी थोड्या तेलावर परतून खा. ताजा लागतो तसा लागणार नाही, पण फोडणीच्या भातावर वाढलेल्या माणसाला तो आवडेल.

उठण्याआधी

वेटर आपण होऊन बिल आणत नाही. जेवणानंतर टेबलाशीच गप्पा मारत बसण्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात आणि त्यात कोणी घाई करत नाही. बिल हवं तेव्हा ‘ला क्वेंता, पोर फाबोर’. बक्षिशीची सक्ती नाही, आवडलं तर वरचे थोडे युरो ठेवा.

गोडाला जागा नसेल तर ‘क्रेमाएत’ घ्या. रममध्ये साखर, दालचिनी, लिंबाची साल आणि कॉफीचे दाणे घालून ती पेटवतात आणि वर कडक कॉफी ओततात. दारू घेत नसाल तर संध्याकाळी शहराच्या उत्तरेला आल्बोरायाला जाऊन ‘ओर्चाता’ प्या, चुफा नावाच्या छोट्या कंदांचं गार, दुधासारखं पेय. बरोबर ‘फार्तोन्स’ ही लांबट गोड पावं येतात, ती त्यात बुडवून खायची.

एल पालमारमध्ये जेवला असाल तर मात्र आल्बोरायाची घाई नको. गावाच्या धक्क्यावरून सपाट तळाच्या होड्या तळ्यात नेतात, सूर्य मावळायच्या आधीची फेरी धरा. मे महिन्यात पेरणी होते, जून-जुलैत खाचरं हिरवीगार असतात, सप्टेंबरात कापणी चालते, आणि हिवाळ्यात शेतं पुन्हा पाण्याखाली सोडतात, तेव्हा पक्षी उतरतात. तळ्याचं पाणी समुद्राकडे सोडणाऱ्या कालव्यांवर दारं आहेत. गोव्यातल्या खाजन शेतांची मानस ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच ओळखू येतील. ऑक्टोबरनंतर जात असाल तर पाण्यावर वारा बोचरा असतो, अंगावर घ्यायला काहीतरी न्या. आणि शहराकडे परतणाऱ्या शेवटच्या बसची वेळ होडीत बसण्याआधी बघून ठेवा.